पावसात धावताना अंगात काय घालावं?

जून उजाडला की स्टाफरूममध्ये आणि सकाळच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये मला एकच प्रश्न येतो : "मॅडम, पावसात धावायला जॅकेट कुठलं घेऊ?" मी शाळेत विज्ञान शिकवते आणि साताऱ्यात राहून यवतेश्वरचा घाट धावते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. मी सांगते, जॅकेटचं शेवटी बघू, आधी अंगाला लागून असणारा कपडा बघा. आपल्याकडच्या पावसात धावणारा माणूस भिजणारच. वरून पावसानं भिजला नाही तर आतून घामानं भिजेल. त्यामुळे भिजू नये म्हणून खटपट करण्यापेक्षा, भिजल्यावर कपडा कसा वागतो हे पाहून तो निवडावा.

हे मुलांना पटावं म्हणून आठवीच्या वर्गात मी एक साधा प्रयोग करते. एकाच मापाचे दोन टी-शर्ट घ्यायचे, एक सुती आणि एक पॉलिएस्टरचा, धावण्यासाठी मिळतो तसा. कोरडे असताना प्रयोगशाळेतल्या काट्यावर सुती टी-शर्ट पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, पॉलिएस्टरचा सव्वाशेच्या आत. मग दोन्ही बादलीत बुडवायचे आणि न पिळता हँगरला लावायचे. थेंब गळायचे थांबले की पुन्हा वजन करायचं. सुती टी-शर्ट अर्ध्या किलोच्या पुढे जातो, दुसरा तीनशेच्या आतच राहतो. पंख्याखाली ठेवले तर मधल्या सुट्टीपर्यंत पॉलिएस्टरचा हाताला कोरडा लागू लागतो. सुती टी-शर्टाच्या काखेत आणि खालच्या कडेला शेवटच्या तासालाही ओल असते.

याचं कारण धाग्यात आहे. कापसाचा तंतू स्वतः पाणी पितो आणि फुगतो. नुसत्या हवेतल्या दमटपणातूनही तो आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी धरून बसतो. पॉलिएस्टरचा तंतू अर्धा टक्काही घेत नाही. त्यात जे पाणी राहतं ते तंतूंच्या मधल्या फटींत, आणि केशाकर्षणानं ते कापडभर पसरून लवकर उडून जातं. भिजलेला सुती कपडा जड होतो, अंगाला चिकटतो आणि प्रत्येक पावलागणिक त्याच जागी घासतो. घरात, ऑफिसात, उन्हाळ्यात सुतीसारखं सुख नाही. पावसात तास-दीड तास धावायचं असेल तर मात्र तो कपाटातच राहू द्यावा.

बाजारात हल्ली प्रत्येक गुळगुळीत टी-शर्टाला "ड्राय-फिट" म्हणतात. त्यावर न जाता तीन गोष्टी पाहा. आतलं लेबल वाचून कापड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं आहे ना याची खात्री करा. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. ती पलीकडच्या तळहाताला जाणवली पाहिजे. आणि परवानगी घेऊन आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच पसरला तर घाम ओढून घेणारं कापड आहे. मण्यासारखा तसाच बसून राहिला तर घामही तुमच्या अंगावर तसाच बसून राहील.

आता जॅकेटकडे येऊ. वॉटरप्रूफ तरी हवा खेळणारं, अशा जॅकेटची जाहिरात आपण पाहतो. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनचं रसायन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला, त्यातून गोअर-टेक्स हे कापड आलं. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ आपणहून जात नाही. आतल्या हवेत वाफ जास्त आणि बाहेरच्या हवेत कमी असेल, तरच ती बाहेर ढकलली जाते. त्वचेजवळची ३४ अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे ३७ ग्रॅम वाफ धरू शकते. बाहेर ५ अंश असतील तर तिथली हवा ७ ग्रॅमच्या पुढे धरूच शकत नाही. फरक ३० ग्रॅमचा, म्हणजे वाफेला बाहेर जायला चांगला जोर मिळतो. जुलैतल्या मुंबईत पाऊस पडत असताना, २६ अंशांत, बाहेरच्या हवेतच २४ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. फरक उरतो जेमतेम १३ ग्रॅमचा. त्यात पावसानं जॅकेटचं वरचं कापड चिंब झालं की छिद्रांवर पाण्याचा थर बसतो आणि उरलीसुरली वाटही बंद होते. आतला माणूस घामानं निथळतो. हजारो रुपये घालूनही भिजणं चुकत नाही, वर उकाडा सोसावा लागतो.

हे जॅकेट जिथलं आहे तिथे ते खरंच उपयोगी पडतं. १६ एप्रिल २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन आठवा. तापमान ५ अंशांच्या आसपास, मुसळधार पाऊस आणि समोरून बोचरा वारा. थंडीनं गारठून नामवंत धावपटूंनी शर्यत सोडली. डेझिरी लिंडन अंगातलं जॅकेट न काढता शेवटपर्यंत धावली आणि २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत जिंकली. १९८५ नंतर तिथे जिंकलेली ती पहिली अमेरिकन महिला. त्या हवेत जॅकेट नसतं तर काय झालं असतं याचा अंदाज कुणालाही करता येईल. आपली हवा वेगळी आहे, म्हणून आपली निवडही वेगळी हवी.

आपल्या भागात भातलावणीला बाया-माणसं इरलं घेत, काही ठिकाणी अजूनही घेतात. बांबूच्या कामट्या आणि पानांचं ते आच्छादन डोकं आणि पाठ झाकतं. पुढून आणि बाजूंनी मोकळं असतं. वाकून तासन्‌तास राबणाऱ्या माणसाच्या अंगाची वाफ कोंडत नाही. दमट पावसात वारा आत-बाहेर खेळला पाहिजे, हे त्या रचनेत पुरतं ओळखलेलं आहे. धावणाऱ्यानं हेच लक्षात ठेवावं. शहरात, सपाटीवर वरून काहीच घालू नका. घाटमाथ्यावर जाणार असाल तर पातळ, मुठीत मावेल इतका विंडचीटर कमरेला बांधा, पुढून पूर्ण चेन उघडणारा. यवतेश्वर ओलांडून कासच्या रस्त्याला लागलं की वारा अंगावर येतो. ओल्या अंगाला तो लागला की पाच मिनिटांत बोटं बधिर होतात. तेव्हा तो चढवायचा, घाट उतरताना चेन उघडायची. त्यानं पाऊस अडत नाही, वारा अडतो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

अंग सोलवटणं हा पावसातल्या धावण्याचा खरा त्रास, आणि त्याबद्दल लोक संकोचानं बोलत नाहीत. ओली त्वचा मऊ पडते आणि शिवणीखाली लवकर सोलवटते. काख, मांड्यांची आतली बाजू, कंबरपट्टा, पुरुषांची स्तनाग्रं, बायकांच्या स्पोर्ट्‌स ब्राचा खालचा पट्टा, या त्या जागा. मांड्या घासत असतील तर सैल शॉर्ट्‌सच्या आत गुडघ्याच्या वरपर्यंतची घट्ट टाइट्स घाला. कपडा उलटा करून शिवणीवरून बोट फिरवा. उंच, टोचणारी शिवण असेल तर तो पावसासाठी नको. निघण्याआधी या सगळ्या जागांवर व्हॅसलीनचा जाड हात फिरवा, स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावा. माझ्याबरोबर धावणाऱ्या मुलींना मी आणखी एक सांगते : फिके रंग भिजल्यावर पारदर्शक होतात, सैल कुर्ता पायांत गुंडाळला जातो. गडद किंवा भडक रंगाचा, अंगाबरोबरचा टी-शर्ट घ्या, म्हणजे सारखा कपडा ओढत बसावं लागत नाही आणि लक्ष धावण्यावर राहतं.

भडक रंगाला दुसरंही कारण आहे. घाटात धुकं उतरलं की गाडीवाल्याला माणूस फार जवळ आल्यावर दिसतो. फ्लुरोसंट पिवळा किंवा केशरी रंग दिवसाच्या प्रकाशातले अतिनील किरण घेऊन ते दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो, म्हणून ढगाळ उजेडातही तो उठून दिसतो. पहाटेच्या अंधारात मात्र त्याचा हा गुण चालत नाही; तिथे गाडीचा उजेड परत फेकणारी चंदेरी पट्टी लागते. साडेपाचला निघणाऱ्यांनी दोन्ही असलेला टी-शर्ट घ्यावा. डोक्यावर पुढे कडक झाप असलेली पातळ टोपी हवीच. पाण्याची धार डोळ्यांत जात नाही, चष्मेवाल्यांना तर तिच्याशिवाय रस्ता दिसत नाही.

पायांसाठी वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. घोट्यापाशी बूट उघडाच असतो. डबक्यात पाय पडला की पाणी वरून आत जातं आणि आतच राहतं. जाळीच्या कापडाचा बूट भिजतो, पण चार पावलांत पाणी बाहेरही टाकतो. मोजे सुती नकोत. पातळ, पायाला घट्ट बसणारे नायलॉन-पॉलिएस्टरचे हवेत. ओल्या मोज्यात तासन्‌तास पाय राहिला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि मग पंधरा दिवस धावणं बंद. घरी आल्यावर बेचक्या कोरड्या पुसा, बुटातला तळवा काढून ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला. कपडे लगेच धुवा, कारण पॉलिएस्टरला घामाचा वास पटकन धरतो. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका; त्याचा थर तंतूंवर बसतो आणि कपडा घाम ओढेनासा होतो.

सगळ्यात महत्त्वाचा कपडा धावताना अंगात नसतो, पिशवीत असतो. धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, म्हणून भिजूनही थंडी वाजत नाही. थांबलात की ही भट्टी मंदावते, पण ओला कपडा वाळण्यासाठी तुमच्याच अंगातली ऊब घेत राहतो. एक लिटर पाणी उडून जायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉननंतर ओल्या कपड्यांनी फोटो काढत, गप्पा मारत उभी राहिलेली आणि मग हुडहुडी भरलेली माणसं मी पाहिली आहेत. कोरडा टी-शर्ट, पंचा, कोरडे मोजे आणि स्लीपर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. थांबल्या-थांबल्या आधी वरचा कपडा बदला, गप्पा नंतर. शर्यतीपूर्वी उभं राहताना अंगावर घेतलेलं प्लास्टिक रस्त्याकडेला टाकू नका. कास हा पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, आणि सप्टेंबरमध्ये तिथे फुलं येतात.

खर्च करायचा तो या क्रमानं करा : मोजे, अंगाबरोबरचा टी-शर्ट, घट्ट टाइट्स, टोपी, आणि घाट धावत असाल तरच विंडचीटर. पावसात धावणं बंद ठेवणाऱ्यांचे वर्षातले चार महिने जातात, आणि ऑक्टोबरात त्यांना पुन्हा पहिल्यापासून दम कमवावा लागतो. विजा कडाडत असतील किंवा रस्त्यावरून पाणी वाहत असेल त्या दिवशी घरी थांबा. एरवी, नुसता पाऊस आहे म्हणून थांबू नका.