कोनशिला आणि खिडकी

नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये रविवारी संध्याकाळी गेलात, तर ताजमहालापुढे फोटोसाठी ताटकळलेली कुटुंबं हमखास दिसतील. नवी मुंबई महापालिकेने २०१२ साली खुल्या केलेल्या या उद्यानात जगातल्या सात नव्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. लहान मुलं प्रत्येकीपुढे एकच प्रश्न विचारतात, "हे कुणी बांधलं?" ताजमहालाचं उत्तर बाबांच्या ओठांवर असतं : शहाजहान. चीनच्या भिंतीपाशी बाबा अडखळतात. चिचेन इत्झाच्या पिरॅमिडशी पोचेपर्यंत ते टॉय ट्रेनकडे बोट दाखवून सुटका करून घेतात.

खरं तर शहाजहान हेही अर्धंच उत्तर. त्याने बांधून घेतलं. ताजचा मुख्य वास्तुकार म्हणून इतिहासकार उस्ताद अहमद लाहोरीचं नाव घेतात. प्रतिकृतीसमोर उभं राहून ते नाव घेणारा बाप विरळा.

बांधून घेणारा, बांधणारा आणि फीत कापणारा या तिघांपैकी आपण आठवण कुणाची ठेवतो? आपल्याकडे कोनशिलेवर बहुधा तिसऱ्याचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत असतं. मनोरंजन उद्यानांच्या जगात मात्र कंपनीच्या दिवंगत किंवा निवृत्त प्रमुखाची आठवण ठेवण्याच्या काही वेगळ्याच तऱ्हा रुजल्या आहेत. नवी मुंबईकराने त्या जाणून घ्याव्यात, कारण आपलं अख्खं शहरच एका कंपनीने उभारलं आहे.

दुकानावरच्या खिडक्या

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. आत शिरताच 'मेन स्ट्रीट' लागतो. वॉल्ट डिस्नेच्या बालपणातल्या मार्सेलिन या छोट्या गावाची त्यावर छाया आहे. या रस्त्यावरच्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर खिडक्या आहेत आणि काचांवर जुन्या पद्धतीने रंगवलेल्या पाट्या : अमुक आणि मंडळी, तमुक यांची कचेरी. व्यवसाय खोटे, माणसं मात्र खरी. उद्यान ज्यांनी घडवलं त्यांची ही नावं. सिनेमाच्या शेवटी श्रेयनामावली सरकत जाते, तशी इथे ती रस्ताभर पसरली आहे.

त्यातली एक खिडकी वॉल्टच्या वडिलांची. 'इलायस डिस्ने, कंत्राटदार, स्थापना १८९५.' आयुष्यभर धंदे बदलत, बुडत, पुन्हा उभं राहत जगलेल्या बापाला मुलाने स्वप्ननगरीत एक न बुडणारी कचेरी देऊन टाकली.

वॉल्टसाठी उद्यानातल्या अग्निशमन केंद्राच्या वर एक छोटं घर होतं. तो १५ डिसेंबर १९६६ रोजी गेला. त्या घराच्या खिडकीत आजही दिवा ठेवलेला असतो. देवघरातल्या नंदादीपाची सवय असलेल्या आपल्याला ही खूण कुणी समजावून सांगायला नको.

भाऊ राम झाला की लक्ष्मणाची गोष्ट मागे पडते, तशी इथे थोरल्या रॉयची पडते. हिशेब, कर्ज, बँका हे सगळं त्याच्याकडे. वॉल्ट गेल्यावर निवृत्ती पुढे ढकलून त्याने फ्लोरिडातलं उद्यान पुरं केलं आणि त्याचं नाव नुसतं 'डिस्ने वर्ल्ड' न ठेवता 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' ठेवायला लावलं. भावाचं पूर्ण नाव लोकांच्या तोंडी राहावं, एवढ्यासाठी. १ ऑक्टोबर १९७१ ला दारं उघडली आणि २० डिसेंबरला रॉयही गेला. आज किल्ल्यासमोर मिकीचा हात धरून वॉल्टचा पुतळा उभा आहे. रॉयचा पुतळा मिनीसोबत बाकावर बसलेला आहे. दोघांचे स्वभाव शिल्पकाराने अचूक पकडले आहेत.

हिममानवाच्या गुहेतली खोकी

या सगळ्यांत मला सर्वांत भावते ती फ्रँक वेल्सची आठवण. वेल्स १९८४ पासून डिस्ने कंपनीचा अध्यक्ष होता. जगासमोर चेहरा मुख्याधिकारी मायकल आयस्नरचा, कारभार सांभाळणारा हात वेल्सचा. त्याआधी वॉर्नर ब्रदर्समधलं मोठं पद बाजूला ठेवून हा गृहस्थ पन्नाशीत गिर्यारोहणाला निघाला होता. साती खंडांतली सर्वोच्च शिखरं सर करायची, असा डिक बास या मित्राबरोबर बेत. १९८३ या एका वर्षात वेल्सने सहा शिखरं गाठली. एव्हरेस्टने मात्र त्याला हुलकावणी दिली, ती कायमचीच. ३ एप्रिल १९९४ रोजी नेवाडातल्या डोंगरांत हेलिकॉप्टर कोसळून तो गेला. त्याच वर्षी आलेला 'द लायन किंग' त्याच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

फ्लोरिडातल्या उद्यानाच्या मेन स्ट्रीटवर त्याची खिडकी आहे : सप्तशिखर मोहिमांची एक काल्पनिक कंपनी आणि वेल्स तिचा अध्यक्ष. पण खरी गंमत पुढे आहे. डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न नावाचा कृत्रिम बर्फाळ डोंगर आहे. त्याच्या पोटातून गाडी भन्नाट वेगाने फिरते आणि वाटेत हिममानव गुरकावतो. वेल्स गेल्यानंतर या डोंगरात गिर्यारोहकांचं सामान मांडण्यात आलं आणि खोक्यांवर लिहिलं गेलं, 'वेल्स मोहीम'. किंचाळत जाणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णव जणांना ते दिसतही नसेल. ज्याला दिसतं त्याला एवढंच कळतं, की वेल्स अजून डोंगरातच आहे. मोहीम संपलेली नाही.

खालापूरची अंधारखोली

आता आपल्याकडे येऊ. कोचीत व्ही-गार्ड कंपनीचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलपिल्ली यांनी २००० साली उद्यान काढलं त्याचं नाव 'वीगालँड'. नावातच कंपनीची सावली होती. पुढे ते 'वंडरला' झालं आणि सावली पुसली गेली. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं. एका पिढीच्या शालेय सहली तिथे गेल्या. २०२२ मध्ये ते बंद झालं आणि पिढीकडे उरल्या त्या बोटीने खाडी ओलांडल्याच्या आठवणी.

नवी मुंबईकरांच्या आजच्या सहली कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागून खालापूरच्या इमॅजिकाकडे वळतात. एप्रिल २०१३ मध्ये हे उद्यान उघडलं तेव्हा पाटीवर 'अॅडलॅब्ज इमॅजिका' असं होतं. अॅडलॅब्ज म्हणजे मनमोहन शेट्टी. १९७८ साली जाहिरातपटांच्या फिल्म धुणारी प्रयोगशाळा म्हणून ही कंपनी सुरू झाली. 'अॅड' आणि 'लॅब' एवढीच त्या नावाची फोड. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा 'चक्र' आणि श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा रचलेला 'अर्धसत्य', या दोन्ही चित्रपटांच्या निर्मात्यांत प्रदीप उप्पूर यांच्यासह शेट्टी होते. झोपडपट्टीचं आणि पोलीस चौकीचं वास्तव पडद्यावर आणणाऱ्या माणसाने पुढे वडाळ्याला आयमॅक्सचा घुमट उभारला, २००५ मध्ये चित्रपट कंपनी रिलायन्सला विकली आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी स्वप्नांचा कारखाना काढला.

हा व्यवहार सोपा ठरला नाही. उद्यानावर कर्जाचा डोंगर चढला, नावातून अॅडलॅब्ज गळालं आणि २०२२ मध्ये सूत्रं संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. मग शेट्टींचं तिथे राहिलं काय?

'नायट्रो'सारखा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या कंपनीकडून विकत घेता येतो. पैसे असले की झालं. पण हे उद्यान उघडलं तेव्हा त्याचं वेगळेपण अंधारात होतं. मोगॅम्बोचा पाठलाग करणारी 'मिस्टर इंडिया'ची सफर, सलीमगढचा भुतांचा किल्ला, अलिबाबाची गुहा, देशावरून उडत नेणारा 'आय फॉर इंडिया'चा पडदा : हे सगळे काळोखात अनुभवायचे खेळ. धंद्यात त्यातल्या कित्येकांना 'डार्क राइड' म्हणतात. ज्या माणसाची उमेदीची वर्षं फिल्म धुण्याच्या अंधारखोलीत गेली, त्याला अंधारातच चित्र उमटतं हे कुणी शिकवावं लागत नाही. पाटी बदलली तरी ही अंधारखोली बदलता येत नाही. मालक गेल्यावरही घराच्या जिन्याची उंची त्याच्याच पावलांच्या मापाची राहते, तसं हे.

आणि आपलं शहर

म्हणूनच पुन्हा नेरूळला यायचं. वंडर्स पार्क पालिकेचं. पण ते ज्या शहरात आहे ते घडवलं सिडकोने. सिडको हे सरकारी खातं नाही. १७ मार्च १९७० रोजी कंपनी कायद्याखाली स्थापन झालेली सरकारी मालकीची कंपनी आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना १९६५ मध्येच मांडली होती. ती कागदावरून जमिनीवर आणणाऱ्या सिडकोचे पहिले व्यवस्थापकीय संचालक जे. बी. डिसूझा. एकच गजबजलेला मध्यभाग नको, छोट्या छोट्या 'नोड'ची माळ हवी, हे ठरलं ते याच काळात. नेरूळचं पोर आज मोठा रस्ता न ओलांडता मैदानावर पोचतं, त्यामागे तो निर्णय आहे. डिसूझांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'नो ट्रम्पेट्स ऑर ब्यूगल्स', म्हणजे ना तुताऱ्या, ना बिगुल. शहरानेही ते शब्दशः पाळलं. नवी मुंबईत वाढलेल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

लोकांनी ज्याच्यासाठी रस्त्यावर उतरून घोषणा दिल्या ते नाव दुसरं आहे. ९५ गावांची भातशेती आणि मिठागरं या शहराखाली गेली. त्या आगरी-कोळी भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पुढे आला. नवी मुंबईच्या विमानतळाला 'दिबां'चं नाव द्यावं म्हणून जून २०२१ मध्ये हजारोंनी मानवी साखळी धरली, सिडको भवनाला घेराव घातला. कंपनीने वसवलेल्या शहराने आठवण जपली ती कंपनीशी भांडणाऱ्याची. यात कृतघ्नता नाही. ज्याची जमीन गेली त्याची स्मृती नकाशा काढणाऱ्यापेक्षा खोल असायचीच.

तरीही मला वाटतं, नवी मुंबईत कुठे खिडक्या रंगवायच्या झाल्या, तर रस्त्याच्या एका बाजूला डिसूझांची कचेरी असावी आणि बरोबर समोर दिबांची. दोन्ही खिडक्या उघड्या, म्हणजे भांडण ऐकू येत राहील. खाली उभ्या असलेल्या पोराने "हे कुणी बांधलं?" असं विचारलं, की बाबांनी आधी एका खिडकीकडे बोट दाखवावं. आणि पोराने पुढे न विचारलेल्या "कुणाच्या जागेवर?" या प्रश्नासाठी दुसऱ्या.