वाऱ्याची वीज, ग्रिडची वीज आणि हायड्रोजनचा हिशेब

पाण्यातून विद्युतप्रवाह सोडून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंत विघटन करणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. एक किलो हायड्रोजन मिळवण्यासाठी त्याला साधारण 50 ते 55 युनिट वीज आणि किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. ही वीज पवनचक्कीची असेल तर कर्बउत्सर्जन नाममात्र राहते. परंतु वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग निम्म्यावर आला की शक्ती एक अष्टमांशच उरते, आणि मोठे भांडवल गुंतवलेले यंत्र तासन्‌तास बसून राहते. म्हणूनच पवनचक्कीच्या जोडीला ग्रिडची, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यातील, वीज घेतली जाते. या जोडणीचे मोल मात्र ती वीज कोणत्या तासाला घेतली यावरच ठरते.

जर्मनीतील माइन्झ येथे 2015 मध्ये सुरू झालेल्या एनर्गीपार्क प्रकल्पात अशी दुहेरी जोडणी केलेली आहे. तेथील सीमेन्सचे इलेक्ट्रोलायझर जास्तीत जास्त सहा मेगावॉट वीज घेऊ शकतात आणि ते शेजारच्या पवनचक्क्यांनाही जोडलेले आहेत व ग्रिडलाही. ते प्रोटॉन-विनिमय पटलाच्या प्रकारचे आहेत, म्हणजे त्यांच्यातील दोन विद्युतअग्रांमध्ये केवळ प्रोटॉनना वाट देणारा घन बहुवारिकाचा पातळ पापुद्रा असतो. त्यामुळे वारा वाढला किंवा पडला तरी ते काही सेकंदांत आपला भार बदलतात. यासाठी इरिडियमसारखा अतिदुर्मीळ धातू वापरावा लागतो, ही या प्रकाराची मोठी मर्यादा आहे.

स्वस्त आणि जुना अल्कली प्रकार इतका लवचीक नाही. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सच्छिद्र पडद्याच्या दोन बाजूंना दोन वायू तयार होतात आणि हायड्रोजनचा थोडा अंश पडद्यातून सतत ऑक्सिजनच्या बाजूला झिरपत असतो. यंत्र पूर्ण भाराने चालते तेव्हा तेथे ऑक्सिजन भरपूर असल्याने हा अंश नगण्य ठरतो. पण वीज कमी झाली की ऑक्सिजनची निर्मिती घटते, झिरपणे मात्र तितकेसे कमी होत नाही, आणि मिश्रणातील हायड्रोजन सुमारे चार टक्क्यांच्या ज्वलनशील मर्यादेकडे सरकू लागतो. तो तेथे पोहोचण्याच्या पुष्कळ आधी यंत्रणा यंत्र बंद करते. वारंवार बंद-चालू केल्याने विद्युतअग्रे झिजतात, म्हणून वारा पडलेल्या वेळी यंत्र किमान भारावर तेवत ठेवण्यापुरती ग्रिडची वीज घेणे तांत्रिकदृष्ट्या रास्तच आहे.

अडचण त्या विजेच्या उगमाची आहे. भारतीय ग्रिडमध्ये कोळशाचे प्राबल्य असल्याने एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या हिशेबाने केवळ ग्रिडवर बनवलेल्या एक किलो हायड्रोजनमागे 35 किलोंहून अधिक उत्सर्जन होते, तर नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवण्याच्या रूढ पद्धतीत ते साधारण नऊ-दहा किलो असते. ज्या पद्धतीची जागा घ्यायची, तिच्याहून हा मार्ग तिप्पट-चौपट मलिन ठरतो. भारत सरकारने 2023 मध्ये हरित हायड्रोजनसाठी दोन किलोंची मर्यादा घातली आहे. ग्रिडची जेमतेम तीन युनिटे ती संपवतात.

ही मर्यादा बारा महिन्यांच्या सरासरीवर मोजली जाते, आणि ग्रिडकडे 'बँक' केलेली, म्हणजे जमा ठेवून नंतर परत घेतलेली, नवीकरणीय वीजही हरितच मानली जाते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारासारख्या ठिकाणी वाऱ्याचा जोर मुख्यतः पावसाळ्यात असतो. तेथे वाऱ्याच्या दुपारी दिलेली वीज निवांत रात्री परत घेतली, तर वहीत ती वाऱ्याची राहते, पण त्या रात्री प्रत्यक्षात कोळशाचीच भट्टी अधिक धगधगलेली असते. युरोपीय महासंघाच्या 2023 च्या नियमांनी विजेची निर्मिती आणि वापर यांचा मेळ 2029 अखेरपर्यंत महिन्यागणिक आणि 2030 पासून तासागणिक घालण्याचे ठरवले आहे. तासागणिक मोजणी उद्योगाला महाग पडते हे खरे. तरीही प्रामाणिक हिशेब तोच होय.

तो स्वीकारला की हायड्रोजन साठवण्याची गरज टाळता येत नाही. अलिबागजवळच्या थळ येथील खतकारखान्यात अमोनिया बनवण्यासाठी हायड्रोजन अहोरात्र लागतो आणि अमोनियाचे संयंत्र वाऱ्याच्या लहरीनुसार थांबवता येत नाही. अशा ग्राहकाला वाऱ्याचा हायड्रोजन पुरवायचा, तर पवनचक्क्या आणि इलेक्ट्रोलायझर सरासरी गरजेपेक्षा बरेच मोठे उभारून जोराच्या वाऱ्याचा वायू दाबाखालील टाक्यांत भरून ठेवावा लागेल, आणि त्या टाक्यांचा खर्च रात्रीच्या स्वस्त विजेच्या दराशी नव्हे, तर तिच्या उत्सर्जनासह होणाऱ्या किमतीशी ताडून पाहावा लागेल.