बियाणे न फोडता तेलाचे प्रमाण मोजणारे एनएमआर तंत्र

भुईमूग, सोयाबीन, करडई यांच्या निवडीत चांगले तेल असलेले झाड ओळखणे महत्त्वाचे असते. सॉक्सलेट पद्धतीत बी दळून द्रावकाने तेल काढतात. तेल समजते, पण ते बी पेरता येत नाही. एका झाडाचे मोजके दाणे हाती असतील, तर हे नुकसान परवडत नाही. अशा वेळी एनएमआर, म्हणजेच चुंबकीय अनुनाद पद्धत उपयोगी पडते.

मोजणी कशी होते?
दाणे चुंबकात ठेवून त्यांवर रेडिओ लहरींचा क्षणभराचा झटका (पल्स) देतात. त्यामुळे दाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळतो. स्टार्च, प्रथिने व घट्ट बांधलेल्या पाण्याचा संकेत लवकर विरतो. द्रवरूप तेलाचा जास्त वेळ टिकतो. टिकलेल्या संकेतावरून, तेल माहीत असलेल्या नमुन्यांशी तुलना करून प्रमाण काढतात.

कमी शक्तीचे पल्स कशासाठी?
मोजणीत एकामागोमाग शेकडो ते हजारो पल्स देतात. पूर्ण शक्तीच्या पल्समुळे उपकरणाची कॉइल व नमुना तापू शकतो. तापमान बदलले की संकेतही बदलतो आणि आकडा चुकतो. पल्सची लांबी तीच ठेवून तीव्रता निम्मी केली, तर शक्ती एक चतुर्थांशच लागते. संकेत थोडा घटतो. पण प्रमाणित नमुनेही त्याच पल्सने मोजलेले असल्यास तुलना बरोबर येते. ब्राझीलमधील एम्ब्रापा संस्थेच्या साओ कार्लोस येथील शास्त्रज्ञांनी एकामागोमाग पल्स देऊन अख्खे बी वेगाने मोजण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत.

नमुना देताना काय काळजी घ्यावी?
• दाणे सावलीत वाळवून ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणा. जास्त ओलाव्यात मोकळ्या पाण्याचा संकेत तेलात मिसळतो आणि तेल खोटेच जास्त दिसते.
• माती, खडे आणि विशेषतः लोखंडाचे कण काढून टाका.
• बीजप्रक्रिया न केलेले दाणे द्या.
• प्रत्येक झाडाचे दाणे वेगळ्या पिशवीत ठेवून क्रमांक लिहा.
• मोजणीनंतर दाणे परत घ्या. उगवणशक्ती तपासून तेच पुढील हंगामात पेरता येतात.

तेलाचा आकडा चांगला आला, तरी निवड त्यावरच करू नका. उत्पादन, रोगप्रतिकार आणि पक्वतेचा कालावधी सोबत पाहा.