दप्तरी दाखल

सभा सुरू झाली आणि दहा मिनिटांत संपलीसुद्धा. परळच्या आमच्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या सरांनी आम्हा बारा पोरांना ‘लोकशाही दाखवतो’ म्हणून करी रोडहून लोकलने बोरीबंदरला नेलं होतं. मुंबई महापालिकेच्या सभागृहात, प्रेक्षकांच्या सज्जात आम्ही हाताची घडी घालून बसलो. खाली महापौर आले, सगळे उभे राहिले. कुणा माजी सदस्याच्या निधनाचा शोकप्रस्ताव आला, चारजण बोलले, स्तब्धता पाळली, सभा तहकूब. आमची तोंडं उतरली. सर म्हणाले, ‘‘तहकूब म्हणजे रद्द नव्हे रे. पुढच्या खेपेला याच पानावरून सुरू.’’

पुढच्या खेपेला मी कॉलेजात होतो आणि एकटाच गेलो. एका चौकाला कुणाचं तरी नाव द्यायचा विषय निघाला. नाव वाचून होतंय न होतंय तोच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘महापौर महोदय, हरकतीचा मुद्दा!’’ मुद्दा असा, की त्या जागी तीनच रस्ते मिळतात. मग त्याला चौक म्हणायचं का? पंधरा-वीस मिनिटं त्यावर गेली. चौथी गल्ली बंद असली तरी ती गल्लीच, असं एकाने सांगितलं. कुणी हसलं नाही. मला तेव्हा तो पोरखेळ वाटला. आज वाटत नाही. गिरगाव-दादरकडच्या माणसाला रस्त्याचं नाव बदलणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग झाला, डिलाइल रोडचा ना. म. जोशी मार्ग, कॅडेल रोडचा वीर सावरकर मार्ग, व्हिन्सेंट रोडचा आंबेडकर रोड. यातलं शेवटचं नाव लालबाग-परळच्या तोंडी पक्कं बसलं. लॅमिंग्टन मात्र टॅक्सीवाल्याच्या तोंडून अजून हलत नाही.

या सभांचा सगळा कारभार चालतो तो मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ या कायद्याने. महिन्यातून एक तरी सर्वसाधारण सभा व्हायलाच हवी, आणि उपस्थित सदस्यांच्या बहुमताने वेगळं ठरवलं नाही तर ती लोकांना खुली, हे त्यातच लिहिलंय. तुम्हीआम्ही सज्जात बसू शकतो ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे.

सभेत चालतं काय? आयुक्तांकडून प्रस्ताव येतात, त्यांना मसुदापत्रं म्हणतात. सदस्य प्रश्न विचारतात, तातडीच्या विषयावर निवेदन करतात, ठरावाच्या सूचना देतात. आमच्या भागात अमुक करा, अशी ठरावाची सूचना सभागृहाने मंजूर केली की लोकांना वाटतं काम झालं. तसं नसतं. ती जाते आयुक्तांच्या अभिप्रायासाठी. अभिप्राय यायला महिने जातात, आणि आला तरी पुष्कळदा त्याचा अर्थ ‘शक्य नाही’ असा असतो, फक्त तो दोन पानांत सांगितलेला. मग सभागृह तो अभिप्राय फेरविचारासाठी परत पाठवतं, किंवा मान डोलावतं. प्रस्तावाचंही तेच: मंजूर, उपसूचनेसह मंजूर, राखून ठेवला, परत पाठवला. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे ‘दप्तरी दाखल’. प्रस्ताव फेटाळला असं कुणी म्हणत नाही. त्याला फायलीत मानाने झोपवतात. कंत्राटदाराच्या कानाला याहून कडू शब्द पालिकेत नसावा.

खरं वजन मात्र महासभेपेक्षा समित्यांकडे. मोठी कंत्राटं स्थायी समितीपुढे येतात आणि ती आठवड्याला बसते. म्हणून तिच्या अध्यक्षपदासाठी महापौरपदापेक्षा जास्त रस्सीखेच. शिक्षण समिती आणि बेस्ट समिती यांची कामं नावातच आहेत. सुधार समितीची गोष्ट मला आवडते. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, तिथले रुंद रस्ते ही त्याची आखणी. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला आणि त्याचं काम पाहायला सुधार समिती आली. भूखंड, आरक्षणं यांचे विषय आजही तिच्याकडे जातात. खालच्या पायरीवर प्रभाग समित्या. तिथे दादरच्या फुटपाथपासून परळच्या गटारापर्यंत सगळं निघतं आणि अधिकारी समोरच बसलेला असतो.

आता या यंत्रणेचं मूळ. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार जवळजवळ एका माणसाच्या हाती दिला. तो म्हणजे आयुक्त आर्थर क्रॉफर्ड. माणूस कामाचा. रस्ते, गटारं, मंडई, सगळं धडाक्यात. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं. पण खर्चाला धरबंध राहिला नाही आणि करदाते भडकले. १८७१ मध्ये क्रॉफर्ड पायउतार झाले. त्याच वर्षी तरुण फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचला. सगळे क्रॉफर्डच्या नावाने बोटं मोडत असताना हा बॅरिस्टर म्हणाला, की अंमलबजावणीला एकच खंबीर अधिकारी हवा. फक्त त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या मंडळाचा वचक हवा. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची पालिका आली. त्यातले निम्मेच करदात्यांनी निवडायचे, बाकीचे जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक) आणि सरकार यांचे. १८८८ मध्ये संख्या ७२ झाली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेली मुख्यालयाची इमारत १८९३ मध्ये पुरी झाली ती या पालिकेसाठी. प्रौढ मताधिकार आला १९४८ च्या निवडणुकीत. तोवर लालबागच्या चाळीतला गिरणी कामगार या सभागृहाच्या हिशेबात जवळजवळ नव्हताच. पुढे ’५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने पालिका जिंकली आणि ’५८ मध्ये एस. एस. मिरजकर हे कम्युनिस्ट नेते महापौर झाले, तेव्हा गिरणगाव त्या खुर्चीवर बसला म्हणायचा.

फिरोजशहांचा वचक इतका, की १९०७ मध्ये काही गोऱ्या बड्यांनी संगनमत करून त्यांना पाडायचा घाट घातला. त्याला इतिहासात ‘कॉकस’ म्हणतात. जस्टिसांच्या १६ जागा होत्या. मेहता १७वे आले. पण निवडून आलेल्यांपैकी एकाचा पालिकेशी कंत्राटाचा संबंध निघाला, तो कायद्याने अपात्र ठरला आणि मेहता आत आले. मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. बससाठी पळणाऱ्या गर्दीत फारसं कुणी मान वर करून बघत नाही.

आयुक्त राज्य सरकार नेमतं, वचक नगरसेवकांचा, आणि महापौर मानाचा. महापौरांचा बंगला शिवाजी पार्कला समुद्रालगत होता. तो बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मारकासाठी गेला आणि महापौर प्राणिसंग्रहालय असलेल्या राणीच्या बागेत राहायला आले. यावर व्हायचे ते विनोद झाले.

सभागृहाच्या हाताला मर्यादाही आहेत. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करावा, असा ठराव पालिकेने २०१७ मध्ये केला. कायद्यात बदल राज्याने करायचा. २०१९ मध्ये माफी आली ती करातल्या फक्त एका भागाची. संपूर्ण माफीची घोषणा उजाडली १ जानेवारी २०२२ ला. आणि काही गोष्टी सभागृहापुढे येतच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींचे नियम राज्याचे. सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झालेला एल्फिन्स्टनचा पूल, ऑक्टोबर २०२५ मध्ये उघडलेलं गिरगावचं मेट्रो स्थानक, यांचं काम दुसऱ्या संस्थांकडे. शिव्या मात्र पालिकेला.

२०२५ च्या दिवाळीत तर तेही सभागृह रिकामं होतं. मागच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. प्रभाग २३६ की २२७, ओबीसी आरक्षण किती, यात प्रकरण न्यायालयात अडकलं. यापूर्वी १९८४-८५ मध्ये असा प्रशासक होता, पण तो काळ वर्षभराचा. या वेळी साडेतीन वर्षं उलटली होती. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा; गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून जास्त. एरवी तो आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, मग तिथे आणि महासभेत दिवसचे दिवस भाषणं चालतात. आपल्या वॉर्डातल्या बंद पडलेल्या दवाखान्यासाठी रात्री नऊला बोलायला उठलेला नगरसेवक रटाळ वाटतो खरा. पण त्याचं बोलणं इतिवृत्तात जातं आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. प्रशासकाच्या काळात मांडणारं प्रशासन आणि मंजूर करणारंही प्रशासनच. निर्णय थांबले नव्हते. रस्ते खोदले जात होते, निविदा निघत होत्या. हरकतीचा मुद्दा घेणारं कुणी नव्हतं, एवढंच. १८६५ चा तो एकट्या आयुक्ताचा कारभार मला त्यामुळे फार जुना वाटेनासा झाला होता. ३१ जानेवारी २०२६ च्या आत निवडणुका उरका, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये बजावलं होतं.

त्याच दिवाळीच्या खरेदीला दादरला गेलो होतो. एका जनसंपर्क कार्यालयाबाहेर बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. एकीच्या हातात पाण्याचं बिल, एकाकडे दाखल्याचा अर्ज. वरच्या पाटीवर ‘नगरसेवक’ हा शब्द ठळक लाल रंगात, आणि त्याच्या आधी ‘माजी’ असं नंतर चिकटवलेलं, पिवळं पडलेलं स्टिकर. त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता. आतून आवाज आला, ‘‘मावशी, वॉर्ड ऑफिसला फोन लावतो, पण ते आता ऐकतीलच असं नाही. बसा, चहा घ्या.’’