कातड्याची पिशवी : कला कोणाची, कष्ट कोणाचे?

बंगालच्या प्रवासाहून परतणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबाच्या सामानात शान्तिनिकेतनची नक्षीदार कातडी पिशवी बहुधा असतेच. आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखविली जाते. मात्र गावच्या चर्मकाराने हाताने शिवलेली पिशवी घेण्याची वेळ आली, की हेच रसिक ग्राहक चार पैशांसाठी घासाघीस करतात. कातडे तेच, आरी तीच, कष्टही तेच. मग एका पिशवीला कलेचा मान आणि दुसरीला केवळ जातकामाचा दर्जा का, हा प्रश्न सहसा कोणी स्वतःला विचारीत नाही.

हाताने पिशवी करणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. त्याचा आरंभ कातडे कमावण्यापासून होतो. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरील केस काढावयाचे, आतील बाजूचे मांस खरवडावयाचे, चुना धुऊन टाकावयाचा आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात ते मुरवावयाचे, ही जुनी रीत होय. तिच्या एका प्रकारात कातडे कडेने शिवून त्याचीच पिशवी करतात, तीत साल व अर्क भरतात आणि ती टांगून ठेवतात. अर्क थेंबाथेंबाने झिरपत राहतो आणि कातडे पक्के होते. या कामाला आठवडेच्या आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या क्रोमच्या पद्धतीने तेच काम फार थोड्या वेळात उरकते. त्यामुळे बाजार क्रोमने व्यापला, यात नवल नाही. परंतु सालीने कमावलेले कातडे ओले करून त्यावर ठसा उठविला तर तो टिकतो, आणि वापराने त्याचा रंग अधिकच खुलतो. हे गुण क्रोमच्या कातड्यात त्या प्रमाणात सापडत नाहीत.

यानंतर कारागिराची खरी परीक्षा सुरू होते. जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट असते, पोटाकडचे सैल असते आणि ताणले की लांबते. म्हणून खांद्यावर भार घेणारा पट्टा पाठीच्या भागातूनच कापावा लागतो. तो पोटाकडून कापला, तर थोड्याच दिवसांत पिशवी गुडघ्याशी लोंबू लागते. रापीचा एक चुकार फटकारा सबंध कातडे वाया घालवू शकतो. शिवणीचेही तसेच आहे. आरीने भोक पाडून एकाच मेणविलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना ओवलेल्या दोन सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढल्या जातात. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला, की शेजारचे टाकेही उसवू लागतात. या शिवणीत एक टाका झिजला तरी दोऱ्याचा दुसरा फेर जोड धरून ठेवतो. हाताने केलेल्या पिशवीसाठी अधिक दाम मोजावयाचे ते भावनेखातर नव्हे, तर या टिकाऊपणासाठी.

शान्तिनिकेतनच्या पिशवीचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक आहे. रवीन्द्रनाथांनी १९२२ मध्ये सुरूल येथे ग्रामपुनर्रचनेचे जे कार्य आरंभिले, त्यातून श्रीनिकेतन उभे राहिले. रथीन्द्रनाथ व प्रतिमादेवी यांनी चर्मकलेला तेथे स्थान दिले. बकऱ्या-मेंढ्यांचे कातडे, त्यावर उठावाची नक्षी, बाटिकचे रंग आणि कडेने कातडी वादीचे विणकाम, अशी त्या पिशवीची ओळख ठरली. या वस्तूंना पुढे भौगोलिक निर्देशाचे संरक्षणही लाभले. विद्या आणि प्रतिष्ठा ज्यांच्यापाशी होती, त्यांनी कातड्याला हात लावताच त्या कामाची ‘कला’ झाली, असा याचा अर्थ होतो.

महाराष्ट्रातही असा प्रयोग झाला होता. वर्ध्याजवळील नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय चालविले. केवळ नैसर्गिक रीतीने मेलेल्या जनावरांचे कातडे कमवावयाचे आणि त्या कामातील अस्पृश्यता घालवावयाची, हा त्यामागील हेतू होता. स्वतः गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवावयास शिकले होते. पण या उदात्त प्रयोगाची दुसरी बाजू डॉ. आंबेडकरांनी ओळखली होती. मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडून द्या, असे ते आपल्या बांधवांना बजावीत होते. ज्या कामाने माणसाला गावाबाहेर ठेवले, त्याचा गौरव गावातल्यांनी करावा आणि ते काम मात्र गावाबाहेरच्यांनीच करीत राहावे, यात त्यांना न्याय दिसत नव्हता. त्यांचा आक्षेप आजही खोडता येत नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील ऊना येथे मृत गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना जी अमानुष मारहाण झाली, तिने हे साऱ्या देशाला दाखवून दिले.

महाराष्ट्रात १९७४ पासून चर्मोद्योगासाठी स्वतंत्र महामंडळ आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देश मिळाला. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्रादा या कंपनीने तशाच घाटाची पादत्राणे मांडली, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. तो संताप रास्त होता. पण परदेशी कंपनीने श्रेय दिले नाही म्हणून खवळणाऱ्या समाजाने स्वतः त्या कारागिराला किती श्रेय व किती दाम दिला, याचाही हिशेब एकदा मांडावयास हवा.

कला टिकावी असे वाटत असेल, तर ती जन्माने लादलेले ओझे म्हणून टिकता कामा नये. चर्मकाम शाळांतून व तंत्रनिकेतनांतून सर्व जातींच्या मुलामुलींना शिकविले जावे. कातडे कमावणाऱ्याला हातमोजे, स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था मिळावी. मेलेल्या जनावराचे कातडे कायदेशीरपणे नेणाऱ्याला रस्त्यात अडविणाऱ्या झुंडीला शासनाने जरब बसवावी. आणि पिशवीवर दुकानदाराच्या नावाबरोबर ती शिवणाऱ्याचेही नाव असावे. यांतील एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. चर्मकाराच्या मुलाने हे काम नाकारले तर त्याला ते सन्मानाने नाकारता यावे, आणि दुसऱ्या कोणाच्या मुलाने ते पत्करले तर त्यालाही ते सन्मानानेच करता यावे. तोपर्यंत दिवाणखान्यातील कौतुकाला फारसा अर्थ नाही.