खाटेजवळची विद्या

डॉक्टर होऊ पाहणारा विद्यार्थी परदेशी कशासाठी जातो, असे विचारले तर बहुतेक मंडळी 'शिकायला' एवढेच उत्तर देतात. उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. ग्रंथ घरी बसून वाचता येतात, शरीररचना मृतदेहावरून समजते. पण रोग ओळखणे आणि रोग्याला धीर देणे या दोन गोष्टी जिवंत माणसाच्या खाटेजवळ उभे राहूनच शिकाव्या लागतात. म्हणून विद्यार्थ्याला औषधोपचार, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग अशा वॉर्डांतून पाळीपाळीने काही आठवडे काढावे लागतात. या पाळ्या परदेशच्या सार्वजनिक रुग्णालयांत काढण्याची वाट कशी पडली, आणि कुपवाडच्या माणसाचा तिच्याशी काय संबंध, हे येथे सांगावयाचे आहे.

आम्ही कारखान्यांत वावरणारी माणसे. आमच्याकडे लेथवर नवा उमेदवार उभा केला आणि त्याच्या हातून माल बिघडला, तर तो माल भंगारात जातो. माणूस भंगारात टाकता येत नाही. तरीही वैद्यकाची उमेदवारी माणसावरच करावी लागते. ती कोणत्या माणसावर केली जाते? ज्याच्यापाशी पैसे आहेत तो वेगळी खोली घेतो. ज्याच्यापाशी नाहीत तो सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयाच्या वॉर्डात पडतो, आणि विद्यार्थ्यांचा घोळका त्याच्याभोवती जमतो. जगातील वैद्यकविद्या फार मोठ्या प्रमाणात गरिबाच्या खाटेजवळ वाढली आहे.

मिरजेला हे नवे नाही. विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी तेथे १८९४ साली रुग्णालय उभारले. पुढे १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे विद्यार्थी मिरज-सांगलीच्या सिव्हिलमध्ये शिकले, म्हणजे आपल्याच शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या नाडीवर हात ठेवून शिकले.

आता परदेशाकडे वळू. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या गावी स्त्रियांना ही खाटेजवळची विद्या सहज मिळालेली नव्हती. १८६९ साली या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया रुग्णालयातील पाठास गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो केली होती. पुरुषांच्या रुग्णालयांची दारे अशी बंद असल्यामुळेच तेथील डॉक्टर स्त्रियांनी १८६१ साली स्वतःचे रुग्णालय काढले होते. आनंदीबाईंची नेमणूक आपल्या शेजारच्या कोल्हापुरात, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर झाली होती. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचा अंत झाला.

रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेस रुग्णालय मिळेना. अखेर १८७७ साली 'रॉयल फ्री'ने दार उघडले. या रुग्णालयाची कथा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी इतर रुग्णालयांत खाट मिळण्यासाठी वर्गणीदार धनिकाची चिठ्ठी लागे. ती चिठ्ठी न मागता उपचार करावेत, म्हणून विल्यम मार्सडेन यांनी १८२८ साली ही संस्था सुरू केली. ज्या रुग्णालयाने गरिबास चिठ्ठी विचारली नाही, त्यानेच स्त्रियांनाही वॉर्डात घेतले. रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची सेवा केली.

त्याच इंग्लंडात ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचे प्रवर्तक मंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडीगर गावचे, पोरवयात खाणीत उतरलेले. त्या गावचे कामगार आपल्या मजुरीतून हिस्सा देऊन डॉक्टर व रुग्णालय चालवीत. तीच कल्पना बेव्हन यांनी साऱ्या देशाला लावली. आपल्याकडे कर्मचारी राज्य विम्याचा कायदाही १९४८ चाच. जुलै २०१९ मध्ये त्यातील कामगाराचा हिस्सा शंभर रुपयांस ७५ पैसे ठरला. तेथे कराच्या पैशातून सर्वांसाठी, येथे वर्गणीतून ठरावीक पगाराच्या कामगारांसाठी, असा फरक आहे.

आज आपले काही विद्यार्थी अखेरच्या वर्षांत त्या सेवेत काही आठवड्यांसाठी जातात. त्यांना परवाना नसतो. वरिष्ठांच्या देखरेखीखाली, पुष्कळदा केवळ पाहूनच, शिकावे लागते. ते पाहतात की रोगी प्रथम आपल्या वस्तीतील डॉक्टरकडे जातो आणि त्याच्या सल्ल्याने पुढे रुग्णालयात. रांगा तेथेही लांब असतात, काही उपचारांसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, हेही ते पाहतात. परंतु आम्हांस एक लहानशी गोष्ट फार मोलाची वाटते. खाटेजवळ विद्यार्थी उभा करण्यापूर्वी रोग्यास विचारतात, 'हा येथे थांबला तर चालेल ना?' रोग्याला 'नाही' म्हणता येते, आणि त्यामुळे त्याच्या उपचारात काही उणे होत नाही.

पूर्ण शिक्षणासाठीच रशिया, जॉर्जियाकडे जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. २०२१ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांनी त्यांच्यासाठी किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि परतल्यावर भारतात आणखी १२ महिने असे ठरविले. तथापि प्राध्यापक इंग्रजीत बोलला, तरी खाटेवरची म्हातारी आपल्याच भाषेत कण्हणार. तिची भाषा येत नसेल, तर विद्यार्थी तिला विचारणार काय? 'पोटात ढवळतंय' आणि 'पोटात कळ येतेय' यांतील भेद कळणे हेच तर निदानाचे पहिले पाऊल. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय विद्यार्थी परतले. ज्यांचे शेवटचे वर्ष दूरस्थ पाठांवर पुरे झाले, त्यांना येथे परीक्षेनंतर एकाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप सांगितली गेली. खाटेजवळची उणीव पडद्यावर भरून निघत नाही, याची ही सरकारी कबुलीच होय.

जमीन विकून मुलाला पाठविणाऱ्या पालकाने म्हणून तीन गोष्टी आधी विचाराव्यात. महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय कोणते? मूल खाटेजवळ किती महिने उभे राहणार? आणि तेथील रोग्याची भाषा त्याला कोण, केव्हा शिकविणार?

उरते ती ऋणाची गोष्ट. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९७० साली नगर जिल्ह्यातील जामखेडला काम मांडून बसले. खेड्यातील अल्पशिक्षित बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले. पुढे देशोदेशीचे लोक त्यांचे काम शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले. अशी परतफेड प्रत्येकाच्या हातून होईल असे नाही. पण ज्याने लंडनच्या वॉर्डात रोग्याची परवानगी मागताना पाहिले, त्याने सांगलीच्या सिव्हिलमध्ये खाटेवरच्या हमालासही तितक्याच अदबीने विचारावे. त्याला खर्च नाही, परवाना नाही. आणि आपण नागरिकांनीही एवढे ओळखावे की केसपेपर काढून रांगेत बसलेला माणूस केवळ उपकार घेणारा नसून उद्याच्या डॉक्टरांचा शिक्षकही आहे. शिक्षकाला उभ्याने तिष्ठत ठेवू नये.