नुसतं मन चांगलं असून भागत नाही!

‘सोशल वर्क’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खादीचा झब्बा, खांद्याला शबनम आणि पगाराचा विषय काढायची चोरी. नाहीतर आपल्या ऑफिसचा ‘सीएसआर डे’. चार झाडं लावायची, ग्रुप फोटो काढायचा, सोमवारी पुन्हा एक्सेल शीट! माझीही समजूत याच्या पलीकडे नव्हती. मग एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधल्या सोशल वर्कर मॅडमबरोबर मी एक दिवस घालवला आणि दुपारच्या चहाआधीच माझी विकेट पडली.

अकराच्या सुमारास वॉर्डातून एका बाईंना मॅडमच्या छोट्याशा खोलीत पाठवलं गेलं. (मी बसले तर चालेल का, हे मॅडमनी त्यांना आधी विचारलं. ओळख पटेल असं काही मी इथे लिहीत नाहीये.) डायबेटिसमुळे नवऱ्याचा पाय सडत चाललेला, गुडघ्याखाली कापावा लागणार, पण बाई सही करायला तयार नाहीत. मला राहवलं नाही. ‘ताई, करून टाका ना सही, जीव तर वाचेल!’ मी बोलून गेले. बाईंनी मान खाली घातली ती घातलीच.

मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग बाईंना विचारलं, ‘सकाळपासून काही खाल्लंत का?’ सहीचा विषयच नाही! मुलं काय करतात, गावी शेत कोण बघतं, रात्री झोपता कुठे... अर्ध्या तासाने खरी गोष्ट बाहेर आली. पाय जाणार हे नवऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘उद्या मलाच म्हणतील, तूच कापायला लावलास.’

चहा पिताना मॅडम मला म्हणाल्या, ‘तुला मदत करायची घाई झाली होती. ती त्यांच्यासाठी होती, की तुझ्यासाठी?’ मी गप्प. ‘निर्णय त्यांचाच असतो गं. तो त्यांना घेता यावा, एवढंच आपलं काम.’

मॅडम डॉक्टरांशी बोलल्या आणि पेशंटला सगळं सांगितलं गेलं, बायको शेजारी असताना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘खोट्या पायाने शेतात चालता येतं का?’ मॅडमनी खोटा धीर दिला नाही. जखम भरायला लागणारा वेळ, नवा पाय बसवायची सोय, सरकारी योजनेसाठी रेशन कार्ड, सगळं नीट समजावलं. संध्याकाळी सही त्यांनी स्वतः केली.

आणि हे चक्क शिकावं लागतं, बरं का! १९३६ साली मुंबईत, क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने टाटांच्या ट्रस्टने समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था सुरू केली. तीच आजची ‘टिस’. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (१९५५), पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था (१९६३). ‘एमएसडब्ल्यू’ दोन वर्षांचं. बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. वर्गात समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे; बाकी आठवड्यातले दोनेक दिवस वस्ती, कोर्ट, हॉस्पिटल. मुंबई पोलिसांबरोबरचा महिला आणि मुलांसाठीचा स्पेशल सेल (१९८४) आणि मुलांची १०९८ ही हेल्पलाइन (१९९६) ही याच ‘टिस’मधून उगवलेली कामं. पगार? विचारल्यावर मॅडम नुसत्या हसल्या.

जाता जाता एक कामाची टिप. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. ऑफिसचा वॉचमन किंवा घरकामाच्या मावशी बिल बघून हबकल्या, तर पाकीट काढण्याआधी सोशल वर्करची खोली कुठे आहे ते विचारा. आणि सल्ला द्यायला तोंड उघडण्याआधी एवढंच, ‘काही खाल्लंत का?’